चाळीस मायक्रॉन

आमच्या धंद्यात एक गंमत असते. कुठलंही काम एकदा 'दर तीन महिन्यांनी' म्हणून कॅलेंडरवर चढलं, की ते का करायचं हे नंतर कोणी विचारत नाही. एखादा सर्व्हर दर रविवारी पहाटे रिस्टार्ट होतो. का? तर कधीकाळी कुठल्यातरी प्रोग्रॅममधे मेमरी लीक होती. तो प्रोग्रॅम गेला, लिहिणारा गेला (बहुतेक ऑनसाइट :) ), रिस्टार्ट मात्र चालूच आहे. सर्व्हरचं त्याने फारसं बिघडत नाही, म्हणून खपून जातं. पण ज्या वस्तू प्रत्येक वेळी थोड्या थोड्या झिजतात, त्यांच्या बाबतीत 'वर्षातून एकदा करायचंच' हे वाक्य महागात पडतं.

गाडीचा रंग ही त्यातलीच एक वस्तू.

हा विषय डोक्यात आला तो एका मेसेजमुळे. 'सर, आपल्या गाडीचं वार्षिक मेंटेनन्स ड्यू आहे. जुनं कोटिंग स्ट्रिप, थ्री स्टेज पॉलिश आणि नवीन कोटिंग. या आठवड्यात खास सवलत.' गाडी दोन वर्षांची. मी फोन करून विचारलं, "गाडी न बघता तीन स्टेजचं पॉलिश लागेल हे कसं ठरवलंत?" पलीकडून अगदी प्रामाणिक उत्तर आलं, "सर, पॅकेजच तसं आहे." रंगाची जाडी मोजता का, असं विचारलं तर म्हणाले, "त्याची गरज नसते, सर."

नेमकी त्याचीच गरज असते. ती का, हे आज जरा सविस्तर लिहितो. ज्यांनी नुकतीच पहिली गाडी घेतलीय (आणि जे दर रविवारी ती बाल्कनीतून कौतुकाने बघतात) त्यांनी तर वाचाच.

आधी थोडा हिशोब करू. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. सगळ्यात खाली गंजापासून वाचवणारा थर, तो गाडीचा सांगाडाच्या सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवतात. जाडी २० मायक्रॉनच्या आसपास. त्यावर प्रायमर, तीसेक मायक्रॉन. मग ज्याला आपण रंग म्हणतो तो बेस कोट, तो जेमतेम १५-२० मायक्रॉन. आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५०. सगळं मिळून १०० ते १४० मायक्रॉन. झेरॉक्सचा साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे गाडीचा सगळा रंग जेमतेम एका कागदाएवढा, आणि चकाकी देणारा भाग त्याच्या निम्म्याहून कमी. आपण चाळीस धरून चालू.

या चाळीस मायक्रॉनवर बरंच काही अवलंबून आहे. चमक तिथून येते हे खरं, पण ऊन अडवणारी द्रव्यंही त्याच थरात मिसळलेली असतात. तो थर पातळ झाला की खालच्या रंगाला ऊन थेट लागायला लागतं. मग आधी फिकटपणा, मग पांढरट डाग, आणि शेवटी उन्हात सोललेल्या पाठीसारखे पापुद्रे. एकदा पापुद्रे सुटले की जगातलं कुठलंही वॅक्स तिथे कामाचं नाही. ते पॅनल पुन्हा रंगवायचं, एवढाच उपाय.

आता पॉलिश म्हणजे काय? पॉलिश काही 'लावलं' जात नाही, पॉलिशने काढलं जातं. ओरखडा म्हणजे क्लिअर कोटमधली बारीकशी घळ. ती घळ भरून येत नाही, आजूबाजूची जमीन घासून तिच्या पातळीला आणतात, म्हणून ती दिसेनाशी होते. अगदी हलकं फिनिशिंग पॉलिश एका मायक्रॉनपेक्षाही कमी घालवतं. मधलं पॉलिश एक-दोन. भरड कंपाउंड आणि मशीन असेल तर तीन-चार मायक्रॉन सहज जातात. या कामातले जाणकार लोक साधारण असा दंडक पाळतात, की गाडीच्या अख्ख्या आयुष्यात आठ-दहा मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नये. कारण ऊन अडवणारी क्षमता वरच्या भागावरच जास्त अवलंबून असते.

म्हणजे हा प्रकार एसएसडीसारखा आहे. प्रत्येक सेलवर किती वेळा लिहिता येईल याची मर्यादा ठरलेली. वाचा हवं तितकं, पण लिहिताना मोजून लिहा. गाडी धुणं म्हणजे वाचणं. पॉलिश करणं म्हणजे लिहिणं. (उपमा शंभर टक्के बरोबर नाही हे मला माहितीय. कमेंटमधे भांडू नका.)

पॅकेजमधली खरी मेख ही, की तीन वेगवेगळी कामं एका नावाखाली बांधलेली असतात. ती सुटी करून बघितली की 'किती वेळा?' या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं येतात.

पहिलं काम, साफ उतरवणं. म्हणजे जुनं वॅक्स, डांबराचे ठिपके, ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण, झाडाचा चीक, सिमेंटची धूळ हे सगळं काढणं. वाकड-हिंजवडी भागात राहणाऱ्यांना सिमेंटच्या धुळीबद्दल वेगळं सांगायला नको, आमच्याकडे गेली कित्येक वर्षं चारी बाजूंनी टॉवर चढताहेत. लोखंडाच्या कणांसाठी एक द्रव मिळतो, तो मारला की कण जिथे असतील तिथे जांभळे ओघळ येतात. पहिल्यांदा बघितलं तर घाबरायला होतं, पण ते बरोबर असतं. उरलेल्यासाठी क्ले, म्हणजे चिकणमातीसारखी लादी, भरपूर फेसाच्या पाण्यावर हलकेच फिरवायची. याची गरज आहे का हे ओळखायची परीक्षा फुकट आहे. गाडी धुतल्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवा. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर काही करू नका. रवा सांडल्यासारखं लागलं तर करा. वर्षातून एकदा, फार तर दोनदा ही वेळ येते. क्लेनेही बारीक ओरखडे पडू शकतात, त्यामुळे हौसेखातर नाही.

दुसरं काम, पॉलिश. याला कॅलेंडर नाही. रात्री पार्किंगमधे मोबाईलचा टॉर्च रंगावर धरा. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतील. त्या तुम्हाला झोप येऊ देत नसतील तरच विचार करा, आणि सगळ्यात हलक्या पॉलिशने सुरुवात करा. ज्या ओरखड्यात नख अडकतं तो पॉलिशने निघायचा नाही. त्याच्या मागे लागणं म्हणजे तळ लागेपर्यंत विहीर खणणं. नीट धुतलेल्या गाडीला तीन-चार वर्षांत एकदा हलकं पॉलिश पुरतं. अनेकींना तेही लागत नाही.

तिसरं काम, संरक्षण. इथे मात्र कॅलेंडर आहे, आणि ते तुम्ही काय लावलंय त्यावर ठरतं. कार्नाउबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येतं, दिसतं सुरेख, पण आपल्या उन्हात महिना-दोन महिन्यांत जातं. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने टिकतं. सिरॅमिक कोटिंग, चांगलं लावलेलं असेल आणि गाडी नीट धुतली जात असेल, तर एक ते तीन वर्षं. वॅक्स किंवा सीलंट पुन्हा लावण्याआधी पॉलिश करावं लागत नाही. स्वच्छ धुवायचं, पुसायचं, लावायचं. संपलं.

सिरॅमिकबद्दल दोन गोष्टी. एक, जाहिरातीतलं '९एच' म्हणजे पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, हिऱ्या-माणकाचं नव्हे. ओरखडे त्यावरही पडतात. दोन, हे कोटिंग साधारण एक-दोन मायक्रॉनचं असतं. आता त्या वार्षिक पॅकेजचा हिशोब करा. दर वर्षी मशीनने तीन मायक्रॉन काढायचे, एक चढवायचा. पुढच्या वर्षी तो एक घासून काढायचा आणि त्यासोबत खालचे दोन. दहा वर्षांत वीस मायक्रॉन गेले, म्हणजे चाळीसातले निम्मे. आणि त्याचे पैसे आपणच दिलेले!

पाणी मोत्यासारखं ओघळेनासं झालं की 'सर, कोटिंग संपलं' असं सांगतात. बहुतेक वेळा ते संपलेलं नसतं, त्यावर धूळ आणि क्षार बसलेले असतात. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं आणि बोअरचं पाणी. ते रंगावर वाळलं की पांढरे ठिपके ठरलेले. अशा वेळी आधी चांगल्या शॅम्पूने आणि त्या जांभळ्या द्रवाने साफ करून बघायचं. निम्म्याहून जास्त वेळा मोती परत येतात.

हे सगळं मी इतकं मनापासून का लिहितोय, याला एक घरगुती कारण आहे.

आमची घरची गाडी सोलापूरला असते. २०११ साली बाबांनी घेतलेली चंदेरी हॅचबॅक, आमच्या घरातली पहिली चारचाकी. तेव्हा मी आठवीत होतो. दर दसऱ्याला बाबांचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. पहाटे गाडी धुवायची, मग रबिंग कंपाउंडचा डबा आणि जुन्या धोतराचं फडकं घेऊन बॉनेटपासून सुरुवात. दोन तास. मग हळदीकुंकू, झेंडूची माळ, नारळ. त्या दिवशी गाडीसमोर उभे राहिलेले बाबा मला नेहमी थोडे तरुण दिसतात. टपापर्यंत त्यांचा हात नीट पोचत नाही, त्यामुळे टपाला तेवढी सूट.

२०२४ च्या दिवाळीत मी घरी जाताना एका मित्राकडून जाडी मोजायचं गेज घेऊन गेलो. तो जुन्या गाड्या तपासायचं काम करतो, गाडी ठोकून पुन्हा रंगवलीय का ते या यंत्रावर लगेच कळतं. (पत्र्यावर चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही.) दारांवर पाच-सहा ठिकाणी मोजलं, सरासरी ११४. टप ११७. बॉनेट ७८. कडेला तर ६५.

दारांच्या तळाला आणि टपाला कंपाउंड फारसं लागलं नव्हतं, तेव्हा मूळची जाडी साधारण तेवढीच धरायची. ११४ वजा ७८, छत्तीस. २०११ पासून चौदा दसरे. प्रत्येक दसऱ्याला अडीच मायक्रॉन. गेज एकूण जाडी सांगतं, थरांची फोड करत नाही. पण बॉनेटवर क्लिअर कोट जवळजवळ उरलेला नाही, हे कळायला फोड करायची गरज नव्हती.

मी हे सांगावं की नाही या विचारात असतानाच बाबा खुशीत म्हणाले, "अरे, या दसऱ्याला बऱ्याच वर्षांनी फडक्याला रंग लागला बघ. मामांच्या गाडीसारखा."

मी विचारलं, कोणत्या मामांच्या?

बाबांच्या मामांची बार्शीला एक निळी फियाट होती. बाबा शाळेत असताना सुट्टीत तिकडे जायचे आणि दसऱ्याला ती घासायचं काम त्यांच्याकडे असायचं. वर्षभर उन्हात राहून ती खडूसारखी पांढुरकी झालेली असायची. रबिंग पॉलिशने घासली की फडकं निळं व्हायचं आणि खालून नवीकोरी गाडी निघायची. मामा पाठीवर थाप मारायचे. "आपली गाडी कितीही घासली तरी फडकं काळंच व्हायचं, धुळीने," बाबा म्हणाले. "मला वाटायचं हल्लीचे रंग पक्के असतात."

इथे मला एकदम सगळं समजलं. त्या काळच्या गाड्यांवर क्लिअर कोट नसायचा. वरपासून खालपर्यंत रंगच असायचा, तोही जाड. उन्हाने वरचा पापुद्रा मरायचा, तो घासून काढणं हाच त्यावरचा योग्य उपाय होता. फडक्याला रंग लागणं म्हणजे काम बरोबर चाललंय अशी खूण. बाबा शिकले ते शंभर टक्के बरोबर शिकले होते. मधल्या काळात फक्त रंगाची रचना बदलली, आणि ते कोणी बाबांना सांगितलं नाही. कंपाउंडच्या डब्यावर तरी कोण सांगणार! नव्या गाडीत फडक्याला रंग लागणं म्हणजे वरचं कवच संपलं.

मी आकडे कागदावर लिहून दाखवले. बाबांनी आयुष्यभर बँकेत खातेवह्या तपासल्यात, वजाबाकी त्यांना समजावून सांगावी लागत नाही. बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे जपता जपता मीच खर्च केली म्हण की."

मला चटकन उत्तर सुचलं नाही. मग एवढंच म्हणालो, "बाबा, चौदा वर्षं सोलापूरच्या उन्हात उघड्यावर उभी आहे. टपावर तुमचा हात पोचला नाही तरी टप फिकटच झालाय. ऊन तर कोणालाच सोडत नाही." हे खोटं नव्हतं. टप जाड होता, पण त्याची रया गेलीच होती. बाबा हसले. म्हणाले, "बरं, आता काय करायचं ते सांग."

ठरलं ते असं. बॉनेट एका ओळखीच्या गॅरेजमधे नीट रंगवून घेतलं. नवा रंग मुरायला महिना-दोन महिने त्यावर वॅक्स लावायचं नाही, हे बाबांनी वहीत लिहून ठेवलं. खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करावं लागतं, आणि बाबांना ते करायचंच आहे. गाडी विकायचा विषय घरात काढायचा नसतो. २०२५ च्या दसऱ्याला कंपाउंडचा डबा निघाला नाही. दोन बादल्या, मायक्रोफायबरची फडकी आणि सीलंटची बाटली. दोन तासांचा कार्यक्रम दोन तासच चालला, कारण बाबांनी या वेळी स्टुलावर चढून टपही केला. आईने फोटो पाठवला, त्यात ते पूर्वीइतकेच तरुण दिसत होते.

आता पुण्यातल्या गाड्यांकडे वळू. पॉलिशची गरज मुळात पडते कशामुळे? टॉर्चमधे दिसणाऱ्या त्या जाळीपैकी बहुतेक जाळी धुताना आणि पुसताना पडते. सोसायटीत सकाळी गाड्या पुसायला येणारे काका नऊच्या आत पंचवीस-तीस गाड्या करतात. एक बादली, एक फडकं. पहिल्या गाडीची माती तिसाव्या गाडीवर घासली जाते. पण त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. सोसायटी त्यांना मोजून पाणी देते आणि आपण महिन्याला जेवढे पैसे देतो तेवढ्यात दुसरं काय होणार! मी काकांना सांगितलं की माझी गाडी रोज कोरडी पुसू नका, पैसे तेवढेच घ्या, फक्त काचा करा आणि पक्ष्यांची घाण दिसली तर ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवून अलगद उचला. ती घाण आम्लयुक्त असते, उन्हात तापल्या रंगावर राहिली तर कायमचा ठसा उमटवते. काका माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले (आयटीवाले असतातच असे, या नजरेने), पण आता तसंच करतात.

मी स्वतः पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी सावलीत, आधी नुसत्या पाण्याने माती वाहून जाऊ देतो. मग दोन बादल्या, एक शॅम्पूची, एक फडकं खळबळायची. वरून खाली. शेवटी मायक्रोफायबरने टिपून घेतो. पाऊण तास लागतो. पॉडकास्टचा एक भाग होतो.

तर मंडळी, थोडक्यात सांगायचं तर :

धुणं नियमाने. संरक्षण, जे लावलंय त्याच्या मुदतीप्रमाणे. साफ उतरवणं, पिशवीतल्या हाताला खरखर लागली तरच. पॉलिश, डोळ्यांना खरंच खुपलं तर, आणि तेही जाडी मोजल्यावर. जो दुकानदार न मोजता मशीन लावायला निघेल, त्याच्याकडून किल्ली परत घ्या.

आणि घरी कोणी दर दसऱ्याला कंपाउंडचा डबा काढत असेल, तर रागावू नका. एक वॅक्सची बाटली आणि दोन चांगली फडकी भेट द्या. डबा तेवढा गुपचूप माळ्यावर ठेवा :)